तीन टाळ्यांच्या आत

आमच्या घरात सूर्यास्तानंतर कोणी अन्नपाणी घेत नाही. हे मी प्रारंभीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडले त्यात या नियमाचा भाग मोठा आहे, आणि नियमांविषयी माझी तक्रार कधीच नव्हती. पावणेसहाला ताटे मांडली जात, सव्वासहाला उचलली जात. आणि गल्लीतल्या इतर घरांत कुकरच्या शिट्ट्या सुरू होण्यापूर्वीच आमचा दिवस संपलेला असे. उरलेली संध्याकाळ घालवण्यासाठी आम्ही खेळत असू.

खेळाचे नाव ‘तीन टाळ्या’. सर्वांनी गोल बसायचे. ज्याच्यावर राज्य असेल त्याने एक अक्षर आणि एक प्रकार उच्चारायचा, ‘म, गाव’ किंवा ‘प, भांडे’, आणि शेजाऱ्याने तीन टाळ्या पडण्याच्या आत उत्तर द्यायचे. मग त्याच्या शेजाऱ्याने दुसरे, पुढच्याने तिसरे. आलेले नाव पुन्हा चालत नाही. गाव सांगितले तर ते कोणत्या वाटेवर आहे तेही सांगायचे. तिसरी टाळी पडली की माणूस बाद. वाद झाला तर निकाल मी देत असे. छत्तीस वर्षे दिवाणी न्यायालयात वकिली केल्यामुळे तो मान मला आपोआप मिळाला होता, आणि वादही बहुधा मीच उपस्थित केलेला असे.

जिंकत मात्र माझी पत्नी चंदना असे. तिचे माहेर गडहिंग्लजजवळच्या नूलचे. तिचे वडील गडहिंग्लजच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते, आणि शाळेला सुट्टी असली की ही मुलगी त्यांच्या केबिनमध्ये स्टुलावर बसून दिवसभर गाड्यांची नावे ऐकत असे. त्यामुळे ‘ह, गाव’ असे शब्द कोणाच्या तोंडून निघाले, की पहिली टाळी वाजण्यापूर्वी ‘हलकर्णी, हिटणी, हरळी’ अशी तीन गावे तिने मोकळी केलेली असत, आणि मी ‘क्षणभर थांब, आठवतो’ म्हटले की ती म्हणे, “अहो, तुमच्या कोर्टात तारीख मिळते. इथं न्हाय मिळत.” मुलगा अभिनंदन, सून रूपाली, अकरा वर्षांची नात ऐश्वर्या, सगळे तिला अव्वा म्हणतात आणि मला अण्णा, आणि या खेळात अण्णांचा पराभव पाहणे हा सर्वांच्या दिवसाचा शेवटचा आनंद असे.

बारा जूनच्या सकाळी चंदना पिण्याचे पाणी फडक्यातून गाळत होती. कळशी कलंडल्याचा आवाज आला म्हणून मी आत गेलो, तर ती भिंतीला टेकून खाली बसलेली, उजवा हात मांडीवर पडलेला, आणि तोंडातून एकच अक्षर पुन्हापुन्हा निघत होते. “ते... ते... ते...”

रुग्णालयातून ती अकराव्या दिवशी घरी आली. चालणे बऱ्यापैकी सुधारले. उजवा हात अर्धवट राहिला. आपण बोललेले तिला सर्व कळत होते, अगदी पूर्वीइतके; परंतु उत्तर मनात तयार असूनही ते जिभेपर्यंत पोचत नव्हते. ‘ते’ आणि ‘न्हाय’ एवढे दोनच शब्द तिच्या हाताशी उरले होते, आणि त्यांतलाही दुसरा कधीकधीच सापडे. जिने आयुष्यात कधी दुसऱ्या टाळीची वाट पाहिली नाही, तिला मिठाचा डबा मागण्यासाठी पाच मिनिटे लागत, आणि शेवटी डोळ्यांत पाणी आणून ती बोटाने दाखवी.

पूर्णिमा नावाची एक तरुण वाचातज्ज्ञ आठवड्यातून तीनदा घरी येऊ लागली. तिने पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितले, “काका, पहिले चार महिने सगळ्यात मोलाचे. त्यानंतर सुधारणा होत नाही असं नाही, पण तिचा वेग फार मंदावतो. आत्ता जेवढं मिळवू, तेवढं.”

चार महिने म्हणजे बारा ऑक्टोबर. मी ती तारीख दिनदर्शिकेवर लाल शाईने वर्तुळ करून ठेवली नाही. तशी आवश्यकताच नव्हती. छत्तीस वर्षे मी मुदतींवर जगलो होतो. मुदत उलटली की खरा दावासुद्धा खोटा ठरतो, हे मी अशिलांना इतक्या वेळा सांगितले होते की आता ते मला स्वतःलाच, दिवसातून दहा वेळा, कोणीतरी सांगत असल्यासारखे ऐकू येई.

मी तीन टाळ्या पुन्हा सुरू केल्या. पूर्णिमेने विरोध केला.

“काका, त्यांना घाई करायची नाही. शब्द शोधायला वेळ द्यायचा. चुकलं तरी चालतं म्हणायचं.”

“तू तिला आज पाहतेस. मी चाळीस वर्षे पाहतो आहे. ती विचार करून बोलणारी बाई नाही. तिचा शब्द वेगातून येतो. वेग काढून घेतलास तर तिच्याजवळ उरेल काय?”

“पण काका, त्यांच्यावर ताण...”

“ताणाचे माझ्यावर सोड.” असे मी म्हणालो, आणि त्या मुलीने मान खाली घातली. मी वाद जिंकलो. वाद जिंकण्यात मला अडचण कधी आलीच नाही, आणि माझी बाजू सर्वस्वी चुकीची होती असे मी आजही मान्य करणार नाही. पुढे जे घडले त्यावरून ते दिसेलच.

जुलै आणि ऑगस्ट असे गेले. रोज संध्याकाळी आम्ही चंदनाला गोलात बसवत असू. उजव्या हाताने टाळी वाजत नसल्यामुळे ती डाव्या हाताने मांडीवर थाप मारी. तिची पाळी आली की सगळ्यांचे श्वास थांबत. दोन वेळा तिच्या तोंडून काही निघाले: एकदा ‘पा’, त्यावरून ऐश्वर्याने ‘पातेलं! अव्वा पातेलं म्हणाली!’ असा गिल्ला केला. आणि एकदा स्पष्ट ‘आजरा’. त्या एका ‘आजरा’वर मी पंधरा दिवस जगलो. परंतु त्यानंतर काही नाही. उलट ती अधिक घाबरू लागली. आपली पाळी जवळ येऊ लागली की तिच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्याला कंप सुटे, आणि ती आमच्या तोंडांकडे असे पाहू लागे, की जणू आम्ही चौघे तिला घेरून उभे आहोत.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी ‘क, गाव’ आले.

“कागल, हायवेला,” रूपाली म्हणाली.

“कोडोली, वारणानगरच्या वाटेवर,” ऐश्वर्या म्हणाली, आणि चंदनाकडे वळून तिने पहिली टाळी वाजवली. मग ती थांबली. दुसरी टाळी वाजवण्यासाठी उचललेले हात तिने हळूच मांडीवर ठेवले.

“ऐश्वर्या, टाळ्या नेहमीच्या वेगाने.”

“अण्णा, अव्वाला थोडा वेळ देऊ या की.”

“सवलत दिली की मेंदू आळसावतो. नियम सगळ्यांना सारखा.” आणि दुसरी टाळी मीच वाजवली.

“क... क...” चंदनाची मान पुढे आली. कपाळावरची शीर फुगली. “ते... क... ते...”

“अण्णा, पुरे की आता,” अभिनंदन म्हणाला. तो शिरोलीच्या फौंड्रीतून नुकताच आलेला होता आणि भिंतीला पाठ टेकून बसला होता. “कोर्ट हाय काय हे? अव्वाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यागत करताय.”

मी तिसरी टाळी वाजवली. आणि तीस वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडून शब्द निघाला, “बाद.”

चंदना माझ्याकडे पाहत राहिली. मग डावा हात जमिनीला टेकून उठली, भिंत धरत आतल्या खोलीत गेली, आणि दार लावले नाही. नुसते लोटून घेतले. तो रागही नव्हता. रागाची मला सवय होती.

दोन दिवसांनी आम्हा जैनांचे दहा दिवसांचे दशलक्षण पर्व सुरू झाले. आमच्या पेठेतल्या मंदिरात त्या वर्षी एका आर्यिका माताजींचा, म्हणजे साध्वींचा, चातुर्मासाचा मुक्काम होता. पर्वाच्या पहिल्या सकाळी बायका रांगेने माताजींपुढे श्रीफळ ठेवतात आणि काही नियम घेतात; कोणी दहा दिवस मीठ सोडते, कोणी तूप, कोणी एकभुक्त राहते. रूपाली चंदनाला घेऊन गेली होती. परत आल्यावर ती स्वयंपाकघरात न जाता माझ्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली.

“अण्णा, अव्वांनी नियम घेतलाय.”

“तिने? कसला? तिला बोलता येत नाही.”

“श्रीफळ ठेवलं, आणि डावा हात असा तोंडावर धरला.” रूपालीने स्वतःच्या ओठांवर पालथा तळवा ठेवून दाखवला. “माताजी म्हणाल्या, मौन? तर मान हलवली. दहा दिवस? न्हाय. चातुर्मास संपेपर्यंत? तर हो. माताजींनी तीनदा विचारलं, अण्णा. तिन्ही वेळेला हो.”

आमच्याकडे चातुर्मास दिवाळीला संपतो. दिवाळी एकवीस ऑक्टोबरला होती. पूर्णिमेने सांगितलेले चार महिने त्याच्या नऊ दिवस आधी संपत होते.

“आणि तू काही बोलली नाहीस?”

“मी काय बोलणार? सगळ्या बायका बघत होत्या. आणि त्यांच्या चेहऱ्यावर... अण्णा, कित्येक दिवसांनी त्यांचा चेहरा असा मोकळा दिसला.”

मी आत गेलो. चंदना खिडकीशी बसून डाव्या हाताने जपमाळ ओढत होती. मी तिला बरेच काही सांगितले. ती शांतपणे ऐकत राहिली. आता तिला उत्तर द्यायचे नव्हते, आणि ते न देण्याचा तिला अधिकार होता, आणि त्या अधिकाराला मी काय, माझ्या जागी कोणीही असता तरी हात लावू शकला नसता. व्रताविरुद्ध अपील नसते. आमच्या आईवडिलांच्या काळापासून या घरात कोणी घेतलेला नियम कोणी मोडायला लावलेला नाही. तिने संपूर्ण घरात एकच अशी जागा शोधून काढली होती जिथे माझा युक्तिवाद पोचत नाही, आणि ती तिथे जाऊन बसली होती.

त्यानंतर मी जे केले ते मी टप्प्याटप्प्याने केले, म्हणून ते अधिक वाईट आहे.

प्रथम मी पळवाट शोधली. नियम बोलण्याविरुद्ध होता, ऐकण्याविरुद्ध नव्हता. म्हणून खेळ चालूच ठेवला, तिच्या खोलीत, तिच्या पलंगाजवळ. पूर्णिमेलाही मी थांबवले नाही.

“काका, त्या बोलणारच नसतील तर मी येऊन काय करू?”

“तू चित्रे दाखव. ती पाहील. मनात तरी म्हणेल.”

पूर्णिमा कावळा, कुलूप, छत्री, पतंग अशी चित्रे एकामागून एक दाखवी, आणि चंदना सभ्यपणे पाही. मग मी माझ्या फोनमधला एक जुना आवाज शोधून काढला: ऐश्वर्याच्या वाढदिवसाला चंदनाने पाठवलेला निरोप, हसत, एका दमात. तो मी सकाळी लावीत असे, दुपारी लावीत असे. आठव्या दिवशी तिने भिंतीकडे तोंड फिरवले, आणि त्या दिवसापासून मी खोलीत शिरलो की ती फिरवलेलेच असे.

“माणूस कंटाळतं हो, अण्णा,” अभिनंदन मला अंगणात म्हणाला. “तुम्ही दुसऱ्याची बाजू ऐकून घेता म्हणून लोक तुमच्याकडं यायचे. अव्वाची बाजू तेवढी ऐकायची राहिली.”

“तिची बाजू ऐकता यावी म्हणूनच हे चालले आहे,” मी उत्तर दिले. हे उत्तर मला तेव्हा बिनतोड वाटले.

पंधरा सप्टेंबरला मौनाला एकोणीस दिवस झाले. अभिनंदनची त्या आठवड्यात दुसरी पाळी होती, म्हणून आम्ही तिघेच खेळत होतो. आदल्या दिवशी मी एक गोष्ट टिपली होती. ऐश्वर्याने एक गाव चुकीच्या वाटेवर सांगितले, तेव्हा भिंतीकडे वळलेल्या चंदनाचे डोके किंचित हलले होते. ज्या बाईने बालपण स्टँडवर काढले, तिला चुकीच्या फलाटावर लागलेली गाडी सहन होत नाही. मी रात्रभर आणि दुसरा दिवसभर यावर विचार केला. जे केले ते भावनेच्या भरात नाही. पूर्ण तयारीने केले.

न हे अक्षर मी निवडले.

“नेसरी, चंदगडच्या वाटेवर,” ऐश्वर्या म्हणाली.

“निपाणी, बेळगावच्या रस्त्याला,” रूपाली म्हणाली.

“नूल,” मी म्हणालो. “मुरगूडच्या वाटेवर.”

रूपालीने मान वर केली. “अण्णा, चूक!” असे म्हणण्यासाठी ऐश्वर्याचे तोंड उघडले, आणि मी हाताने तिला थांबवले.

“नूल मुरगूडजवळ आहे,” मी मोठ्याने म्हणालो. न्यायालयात विरुद्ध पक्षाच्या साक्षीदाराला चिडवताना मी जो आवाज लावीत असे, तो लावला. “मी तिथल्या मुलीशी लग्न केले. मला कोणी शिकवायला नको. मुरगूड ओलांडले की अर्ध्या तासात नूल. लिहून घ्या.”

पलंगावर हालचाल झाली. चंदना वळली होती. तिचा चेहरा लाल झाला होता.

“कोणाला शंका असेल तर बोलावे,” मी म्हणालो. “नसेल तर मुरगूड.”

“गडहिंग्लज!”

संपूर्ण शब्द. त्यातले जोडाक्षरही जागच्या जागी. पूर्णिमा म्हणाली होती की असे अवघड शब्द सर्वांत शेवटी येतात, येतील तर. तिचा तो जुना, खणखणीत, केबिनच्या काचेतून बाहेर जाणारा आवाज होता. तीन महिने तो कुठेतरी जसाच्या तसा ठेवलेला होता.

मी उठून उभा राहिलो. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. बहुधा “बोलली, बोलली” असेच काही. मी ऐश्वर्याचे दोन्ही हात धरून हलवत होतो, आणि ती मुलगी माझ्याकडे नव्हे, माझ्या मागे पाहत होती. मी वळलो.

चंदनाने डाव्या हाताने तोंड घट्ट दाबून धरले होते, इतके की नखे गालात रुतली होती. आणि तिच्या घशातून जो आवाज येत होता तो ऐकल्यावर मी पुन्हा बसलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती रूपालीला घेऊन मंदिरात गेली. आल्यावर चहा घेतला नाही. पाणी घेतले नाही. नाश्त्यानंतरच्या गोळ्या मी पुढे केल्या, त्यांतली एक रक्त गोठू नये म्हणून, एक रक्तदाबाची. तिने माझा हात बाजूला सारला. दहा वाजता मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “उपवास करू द्या, पण त्या गोळ्या आज व्हायलाच पाहिजेत. त्यांच्या बाबतीत धोका पत्करू नका.” मी हे तिला शब्दशः सांगितले. बारा वाजता पुन्हा सांगितले. तिने डोळे मिटून घेतले.

रूपाली धुतलेली भांडी पुसत होती. पाठ माझ्याकडे ठेवूनच ती म्हणाली, “अण्णा, एक विचारू?”

“विचार.”

“तुम्ही नूल कसं चुकला?”

मी हातातल्या गोळ्या पुन्हा डबीत ठेवल्या.

“वकिलांना गप्प बसलेलं मी आज पहिल्यांदा बघितलं,” ती म्हणाली, आणि हातातले भांडे खाली ठेवून वळली. “त्या समजतात चूक त्यांची हाय. त्यांना वाटतंय आपल्याला राहवलं न्हाय, म्हणून व्रत मोडलं. सकाळी मंदिरात डोकं टेकवून किती वेळ रडत होत्या माहीत हाय तुम्हाला?”

तीन वाजता मी स्वतः माताजींकडे गेलो. त्या सभामंडपाच्या कडेला बसून काही वाचत होत्या. मी सर्व सांगितले, काही न वगळता. वगळणे मला ठाऊक आहे, म्हणून काळजीपूर्वक काहीही वगळले नाही.

“मी त्यांना निर्जल उपवास दिलेला नाही,” माताजी म्हणाल्या. “एक माळ जास्त करा, एवढंच सांगितलं. औषधाला तर कुठंच मनाई नाही. उपवास त्यांनी स्वतःच्या मनानं घेतलाय.”

“मग आपण तिला आज्ञा करा.”

“ज्या माणसाला अशी भीती वाटते, त्याला मी आज्ञा करू? ती आज्ञा त्या पाळतीलही. मग उद्या?” त्यांनी पुस्तक मिटले. “तुम्ही मुद्दाम चुकलात, हे त्यांना सांगितलंत?”

“नाही.”

“मग इथं का सांगताय?”

मी घरी परतलो तेव्हा सव्वापाच झाले होते. अभिनंदन कामावर. रूपालीने ऐश्वर्याला घेऊन लवकर जेवून घेतले आणि दोघी मागच्या दाराशी जाऊन बसल्या. दिनदर्शिकेवर सूर्यास्त सहा बत्तीसचा होता. त्यानंतर चंदना पाण्याचा थेंबही घेणार नाही, हे सूर्य मावळण्याइतकेच निश्चित होते. म्हणजे जे काही व्हायचे ते त्यापूर्वी.

मी तिच्या पलंगासमोर खुर्ची घेऊन बसलो. एका हातात दोन गोळ्या, दुसऱ्यात गाळलेल्या पाण्याचे फुलपात्र.

मी मुद्देसूद बोललो. एक, माताजींनी उपवास दिलेला नाही. दोन, औषधाला मनाई नाही. तीन, शास्त्राने अजाणता घडलेला दोष आणि जाणूनबुजून केलेला भंग वेगळे मानले आहेत; अजाणता घडतो तो अतिचार, आणि अतिचाराला एवढी मोठी शिक्षा नसते. चार, जीव राखणे हेही व्रतच. मी बोलत होतो आणि ती खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या उन्हाकडे पाहत होती. ते ऊन पाण्याच्या टाकीवरून उतरून कठड्यावर आले होते.

“चंदना, ऐक. नूल कुठे आहे मला ठाऊक आहे. मी मुद्दाम चुकलो.”

तिने मान वळवली.

“तू बोलावीस म्हणून. तुझे व्रत मीच मोडले. दोष असेल तर तो माझ्याकडे येतो. तू निर्दोष आहेस. गोळी घे.”

तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते. ते तिला ठाऊक होते. कदाचित ‘लिहून घ्या’ म्हणालो तेव्हाच कळले असेल. चाळीस वर्षे तिने माझे सगळे आवाज ऐकले आहेत. म्हणजे रूपालीला जे वाटले ते खरे नव्हते, आणि मला जे वाटले होते तेही नाही. ती स्वतःला शिक्षा करत नव्हती.

कठड्यावरचे ऊन अर्धे राहिले. सहा वाजून अठरा मिनिटे.

“मग काय पाहिजे तुला?” माझा आवाज चढला. “मी नाक घासू? उद्या मंदिरात सगळ्यांसमोर सांगू? मी उपवास करू? सांग ना! कसेही सांग!”

तिने डावा हात पुढे केला. मला वाटले गोळ्यांसाठी. तिने माझ्या सदऱ्याच्या खिशातून फोन काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

“फोन? कोणाला? अभीला?”

मान हलली. नाही.

“डॉक्टरांना?”

नाही.

“तुझ्या भावाला? निपाणीच्या आत्याला? रूपालीच्या आईला?”

नाही, नाही. तिने अधीरपणे मांडीवर थाप मारली. माझ्या डोक्यात नावे येईनात. घरातली, नात्यातली, रोज घेतलेली नावे एकाएकी कुठेतरी गेली होती, आणि मी तोंड उघडे ठेवून तिच्याकडे पाहत राहिलो. तिने टेबलाकडे बोट केले. तिथे चित्रांचा गठ्ठा होता. वरच्या चित्रात छत्री होती.

“पूर्णिमा?”

तिने डोळे मिटले आणि उघडले.

“पूर्णिमाला काय सांगू? ये म्हणून?” मी पुढे झुकलो. “तिला बोलवू? पुन्हा सुरू करायचे?”

चंदनाने डावा पालथा तळवा स्वतःच्या ओठांवर ठेवला. मग तो उचलून माझ्या ओठांवर ठेवला. आणि माझ्याकडे पाहत राहिली.

बारा ऑक्टोबरला सव्वीस दिवस होते. त्या सव्वीस दिवसांत काय परत येऊ शकेल, हे तिच्या एका शब्दाने मला काल दाखवून दिले होते. तो शब्द मी कल्पनेने ऐकला नव्हता. तो तिथे होता, पूर्ण, आणि त्याच्यामागे आणखी किती असतील हे कोणी सांगू शकत नव्हते. ते सगळे मला सोडून द्यायचे होते. मी तिला एवढेच म्हणू शकलो, “चंदना, नंतर नाही आले तर?”

तिने हात काढला नाही.

मी फोन लावला. आवाज तिला ऐकू जाईल असा मोठा केला.

“हॅलो काका? उद्या चारलाच येते.”

“पूर्णिमा, येऊ नकोस. दिवाळीपर्यंत येऊ नकोस.”

“काका, दिवाळी म्हणजे चार महिने उलटून जातील. कालच तर तुम्ही सांगितलंत, त्या एवढा अवघड शब्द बोलल्या. आत्ता सोडलं तर...”

“ठाऊक आहे.”

“काका, नीट विचार केलाय ना? मागाहून मला...”

“तुला कोणी काही म्हणणार नाही. आमच्या घरात दिवाळीपर्यंत खेळही होणार नाही. कोणी तिला काही विचारणार नाही. ती दिवाळीनंतर बोलेल, किंवा बोलणार नाही.”

मी फोन ठेवला. समोरच्या कठड्यावर आता ऊन नव्हते. फक्त टाकीच्या झाकणावर थोडे होते. सहा सव्वीस.

चंदनाने तोंड उघडले. मी पहिली गोळी तिच्या जिभेवर ठेवली आणि फुलपात्र ओठांना लावले. ती पाणी प्यायली, बरेच प्यायली, दिवसभराची तहान होती. दुसरी गोळी मोठी होती, ती रोज अर्धी मोडून एकामागून एक द्यावी लागे, आणि माझ्या बोटांनी ती मोडेना, निसटू लागली. तेव्हा चंदनाने डाव्या हाताने ती माझ्याकडून काढून घेतली आणि अख्खीच गिळली.